ओघळ दिसला म्हणजे पाणी वाहिलं, असं नव्हे

चंद्र आणि मंगळावरच्या विवरांची चार-पाच छायाचित्रं आणि खाली लांबलचक मजकूर, असा एक संदेश बरेच दिवस या गटातून त्या गटात फिरतोय. छायाचित्रं खरी आहेत, अंतराळयानांनीच टिपलेली. विवराच्या कड्यावरून खाली उतरलेले ओघळ, पायथ्याशी पंख्यासारखा पसरलेला मलबा, एका विवराभोवती तर चिखलात धोंडा टाकावा तसे शिंतोडे. बिघडलंय ते मजकुरात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाण्याशिवाय ओघळ पडत नाहीत, कोरडी दरड पायथ्याशीच थांबते, लांब जाते ती चिखलाची, विवराभोवतीचे शिंतोडे म्हणजे तिथे तेव्हा चिखल होता, 2015 साली नासाने मंगळावरचं वाहतं पाणी जाहीर केलं आणि नंतर प्रकरण दाबलं, आणि या सगळ्याचा पुरावा आपल्या दारात आहे, लोणारचं पाणी त्या अशनीनेच तर आणलं.

हे मुद्दे एकेक करून पाहू. काही साफ चुकीचे आहेत, एक अर्धा बरोबर आहे, आणि एकात नासाचीही थोडी चूक आहे.

"पाण्याशिवाय ओघळ पडत नाहीत"

हे आपल्याला चटकन पटतं, कारण आपली दरड पावसाळी असते. माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023. तारखाच पुरेशा बोलक्या आहेत. त्यामुळे दरड म्हटली की डोळ्यांपुढे चिखल येतो. पण डोंगर खाली आणतं ते गुरुत्वाकर्षण. पाणी मुरलं की माती जड होते आणि तिची पकड सुटते, एवढंच पाण्याचं काम. पकड सोडवणारं दुसरं काही मिळालं, म्हणजे भूकंपाचा हादरा, दिवस-रात्रीच्या तापमानातली तफावत किंवा शेजारी आदळलेला नवा अशनी, तर पाण्यावाचून काही अडत नाही.

खळ्यात ज्वारीची रास घालताना पाहिलंय कुणी? वरून दाणे पडत राहतात, रास उंच होत जाते, आणि एका क्षणी तिच्या अंगावरून एक पट्टा सर्रकन खाली घसरतो. वर खोबण, मध्ये अरुंद वाट, खाली पसरलेला पंखा. दाणा कडकडीत वाळलेला असतो, तरी तो वाहतो. बांधकामावर हायवा रिकामा झाला की वाळूच्या ढिगावर भर मे महिन्यात हेच दिसतं. सैल, कोरड्या ढिगाचा उतार साधारण 30 ते 35 अंशांवर स्थिरावतो. त्याहून तो चढा झाला की घसरतो, आणि पुन्हा तिथेच येऊन थांबतो. हा कोन लक्षात ठेवा, पुढे तोच साक्षीला येणार आहे.

अशनीच्या आघाताने पडलेलं विवर म्हणजे असे ढीग तयार करणारा कारखानाच. कडे ताजे, चढे, आतून तडकलेले, त्यावर दगड-मुरूम-भुकटीचा थर. असे कडे घसरले नाहीत तरच नवल. चंद्रावरच्या डॉझ या 18 किलोमीटर रुंदीच्या विवराच्या भिंतीवर ओघळ आहेत. 2007 साली ग्वेंडोलिन बार्ट यांनी चंद्रावरच्या अशा छोट्या घसरणी आणि मंगळावरचे ओघळ शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. माथ्याची खोबण, मधली वाट, पायथ्याचा पंखा हे सगळं दोन्हीकडे सापडलं. चंद्राला वातावरणच नाही, त्यामुळे उघड्यावरचं द्रवरूप पाणी उकळून उडून जाणार. तिथला ओघळ नुसत्या आकारावरून पाण्याचा ठरवला, तर वाळूचा ढीगही ओलाच ठरवावा लागेल. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेतले पी. सेंथिल कुमार आणि सहकाऱ्यांनी 2013 साली चंद्रावरच्या ओघळांचा आणि दरडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्षही तोच: कोरड्या कणांचा ओघ.

इथे हमखास विचारलं जातं, "मग चांद्रयानाने पाणी शोधलं ते काय?" शोधलं, आणि ते महत्त्वाचंच होतं. पण चांद्रयान-1 वरच्या उपकरणाला दिसलं ते मातीच्या कणांना चिकटलेलं, अत्यल्प प्रमाणातलं पाणी आणि त्याचा भाऊबंद हायड्रॉक्सिल. ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे, तोही गोठलेलाच. यातलं काहीही कड्यावरून वाहत नाही.

आणखी एक गंमत. संदेशातल्या एका छायाचित्रात वळ्या पडलेला, दाटसर, एखाद्या ओहोळासारखा ओघ दिसतो. तो बहुधा वितळलेल्या खडकाचा आहे. मोठ्या आघातात खडक पाण्यासारखा पातळ होतो, काठावरून बाहेर सांडतो, सखल जागी तळ्यासारखा साचतो आणि थिजतो. टायको, किंग, जिओर्दानो ब्रुनो या चंद्रविवरांभोवती असे ओघ आणि सपाट तळी आहेत. तेव्हा हो, तिथे द्रव वाहिला होता. फक्त तो दगडाचा होता.

"कोरडी दरड पायथ्याशीच थांबते"

लहान दरड थांबते, राक्षसी दरड थांबत नाही. हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं ते पृथ्वीवरच. 11 सप्टेंबर 1881 रोजी स्वित्झर्लंडमधल्या एल्म गावावर पाटीच्या दगडाच्या खाणीमुळे पोखरलेला डोंगर कोसळला, 115 माणसं गेली. भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांनी प्रत्यक्षदर्शींना विचारून जे लिहिलं ते चक्रावणारं होतं. दगडांचा लोंढा सपाट शेतांवरून दोन किलोमीटरच्या आसपास पळत गेला होता. साध्या घर्षणाच्या हिशेबात हे बसत नव्हतं. मग तर्क लढवले गेले. कुणी म्हणालं, दरडीखाली हवा कोंडली आणि ती गादीवरून घसरावी तशी गेली. कुणी म्हणालं, खालचा ओला थर वंगणासारखा वागला.

या दोन्ही तर्कांची परीक्षा चंद्राने घेतली. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 चे अंतराळवीर उतरले त्या दरीत दक्षिणेचा डोंगर दोन किलोमीटरहून उंच आहे. हा डोंगरही एका अतिप्रचंड आघातविवराच्या, म्हणजे सेरेनिटाटिस खोऱ्याच्या, काठाचाच तुकडा. त्याच्या पायथ्यापासून फिकट रंगाच्या मलब्याची एक जीभ सपाट दरीत सुमारे पाच किलोमीटर पसरलीय. जीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट त्या दरडीवरून गाडी हाकत गेले आणि तिथली माती नळीत भरून घेऊन आले. त्यातली एक नळी चंद्रावरच निर्वात डब्यात बंद केली होती. ती 2022 मध्ये, पन्नास वर्षांनी, उघडली गेली. संदेश लिहिणाऱ्याला "लपवाछपवी" हवी असेल तर हा मसाला त्याच्या हातून निसटलाय. तो डबा बंद ठेवला होता तो पुढे येणाऱ्या चांगल्या उपकरणांसाठी.

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला त्सिओल्कोव्स्की नावाचं 180 किलोमीटरहून रुंद विवर आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या काठावरून सुटलेली दरड साठ-सत्तर किलोमीटर लांब गेलीय. तिथे हवा नाही, म्हणजे गादी नाही. पाणी नाही, म्हणजे वंगण नाही. तरी गेली.

का गेली, यावर आजही एकमत नाही. अभ्यासक जे मेलोश यांनी 1979 साली मांडलं की, कोसळणाऱ्या मलब्यात इतका प्रचंड खडखडाट असतो की दगड क्षणभर एकमेकांवरचा दाब सोडतात आणि सगळा ढिगारा द्रवासारखा वागतो. चाळणीत दाणे ठेवून ती हलवली की ते कसे सरसर पसरतात, तसं काहीसं. दुसऱ्यांना वाटतं, तळाशी घर्षणाने दगडाची पूड होते किंवा तो वितळतो आणि त्यावरून वरचा भार घसरतो. वाद चालू आहे, पण तो "पाणी की चिखल" असा नाही. लांबी पाहून ओलावा ठरवता येत नाही, एवढं चंद्राने मिटवून टाकलंय.

"शिंतोडे म्हणजे चिखल"

हा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि मला सगळ्यांत आवडणाराही. 1976 मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या व्हायकिंग यानांनी युटी नावाच्या विवराचं छायाचित्र पाठवलं. 18 किलोमीटर रुंद विवर, आणि भोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे थरावर थर मलबा. पाकळ्यांच्या कडा बांधासारख्या उचललेल्या. चंद्रावर असं दिसत नाही. तिथे मलबा हवेत, चुकलो, पोकळीत उडतो आणि लांब जाऊन पडतो. मंगळावर तो जमिनीला धरून सरपटत गेल्यासारखा दिसतो. मायकेल कार आणि सहकाऱ्यांनी लगेच सुचवलं की जमिनीतला बर्फ आघाताने वितळला किंवा वाफ झाला आणि मलबा पातळ झाला. प्रयोगशाळेत चिखलावर गोळ्या झाडून असेच आकार मिळाले.

मग पीटर शुल्ट्झ यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांनी कोरड्या भुकटीवर गोळ्या झाडल्या, पण भोवती हवा ठेवून. हवेच्या भोवऱ्यांनीही मलबा बांध घालत पसरला. म्हणजे एकच आकार आणि दोन कारणं. शुक्र तर आणखी सांगून जातो. तिथे पृष्ठभागावर 460 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, पाण्याचा थेंब असण्याची शक्यताच नाही, आणि तरी मॅगेलन यानाच्या रडारने तिथल्या विवरांमधून लांबच लांब ओघ निघालेले दाखवले.

तरीही मंगळापुरता बर्फाकडे कल झुकतो, आणि तो छायाचित्रातल्या चिखलासारख्या दिसण्यामुळे नव्हे. कारण असं: विषुववृत्ताजवळ असे पाकळीदार थर मोठ्या विवरांभोवतीच सापडतात, पण ध्रुवांकडे जावं तशी लहान विवरंही ते दाखवू लागतात. लहान विवर उथळ खणतं. उथळ खणूनही मलबा पातळ होतोय, म्हणजे तिथे बर्फ वरच्या थरात असला पाहिजे. वातावरणाने हे कोडं सुटत नाही. याला म्हणतात पुरावा. पण तो आघाताआधी जमिनीत गोठलेल्या बर्फाचा आहे. "तिथे चिखलाची दलदल होती" हे त्यातून निघत नाही.

"नासाने जाहीर केलं आणि मग दाबलं"

ही कथा सविस्तर सांगायला हवी, कारण संदेशात ती नेमकी उलटी करून सांगितलीय.

सुरुवात जून 2000 ची. मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी मंगळावरच्या विवरांच्या भिंतींवर ताजे ओघळ दाखवले आणि भूजल झिरपत असावं असं मांडलं. डिसेंबर 2006 मध्ये त्यांच्याच गटाने दोन विवरांतले ओघळ दाखवले, जिथे काही वर्षांत नवे फिकट पट्टे उमटले होते. "मंगळावर आत्ता पाणी वाहिलं!" अशी हवा झाली. दोन वर्षांत जॉन पेलेटिअर आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एका पट्ट्याचा हिशेब मांडला. कोरड्या मलब्याचं गणित त्याला पाण्यापेक्षा चांगलं बसत होतं. पुढे वर्षानुवर्षं छायाचित्रं घेतल्यावर लक्षात आलं की हे ओघळ हिवाळ्यात हलतात. पाणी असतं तर उन्हाळ्यात हलले असते. हिवाळ्यात तिथे साचतो तो कार्बन डायऑक्साइडचा बर्फ. तो वाफ होताना खालची माती उधळतो आणि ढकलतो. काही लांब सरळ घळी तर या कोरड्या बर्फाची ढेपच उतारावरून घसरत गेल्याने पडल्या असाव्यात. सेरिना डिनिएगा यांनी अमेरिकेतल्या वाळूच्या टेकडीवर विकतचा कोरडा बर्फ सोडून हे करून पाहिलं. ढेप वाफेच्या पातळ थरावर तरंगत खाली गेली आणि मागे घळ ठेवून गेली.

मधल्या काळात दुसरं प्रकरण सुरू झालं. ॲरिझोना विद्यापीठात शिकणारा लुजेंद्र ओझा हा मूळचा नेपाळचा विद्यार्थी छायाचित्रं चाळत असताना त्याला उतारांवर बारीक गडद रेघा दिसल्या. काही मीटर रुंद, उन्हाळ्यात वाढणाऱ्या, थंडीत पुसट होणाऱ्या, पुढच्या वर्षी पुन्हा उमटणाऱ्या. 2011 मध्ये अल्फ्रेड मॅक्यूअन यांच्या नेतृत्वाखाली हे प्रसिद्ध झालं. उन्हाळ्यात वाढणाऱ्या रेघा पाहून खारं पाणी सुचणं अगदी साहजिक होतं. 28 सप्टेंबर 2015 रोजी, त्या जागी पाणी धरून ठेवणारे क्षार सापडल्याचं सांगत, नासाने मोठी पत्रकार परिषद घेतली. मथळ्यात "पुष्टी" हा शब्द होता. शोधनिबंध सावध होता, मथळा नव्हता. हा दोष नासाच्या पदरात टाकायलाच हवा. आज फिरणारे असले संदेश त्या मथळ्याचीच पिल्लं आहेत.

आता "दाबलं" कुणी ते पाहा. नोव्हेंबर 2017 मध्ये कॉलिन डंडस यांच्या नेतृत्वाखाली निबंध आला. 10 ठिकाणच्या 151 रेघांचा उतार मोजला होता. जवळजवळ सगळ्या रेघा 27 अंशांहून चढ्या उतारावरच होत्या आणि उतार मंदावला की संपत होत्या. मघाची रास आठवा. पाणी हलक्या उतारावरही पुढे सरकतं. वाळू मात्र आपला कोन आला की थांबते. या रेघा वाळूच्या शिस्तीने थांबत होत्या. आणि या निबंधाच्या लेखकांत 2011 चे मॅक्यूअन स्वतः होते. डंडसही 2011 च्या निबंधाचे सहलेखक होते. ज्यांनी आधी पाणी सुचवलं, त्यांनीच मोजमाप करून ते मागे घेतलं, आणि सगळं छापून. पुढच्या वर्षी एलेन लीस्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यानावरच्या उपकरणाच्या माहितीवर प्रक्रिया करताना होणाऱ्या एका चुकीमुळेही त्या क्षारांची खोटी खूण उमटू शकते. त्याच 2018 साली मंगळभर धुळीचं वादळ झालं, आणि त्यानंतर या रेघांची संख्या एकदम वाढली. धूळ वाढली आणि रेघा वाढल्या, यातून जे समजायचं ते समजावं.

रेघा गडद का, हाही प्रश्न रास्त आहे. ओली माती गडद दिसते, पण वरची फिकट धूळ सरकून खालचा थर उघडा पडला तरी पट्टा गडदच दिसतो. मंगळाच्या धुळकट भागांत अशा गडद पट्ट्यांची रेलचेल आहे. 2025 साली संगणकाच्या मदतीने अशा सुमारे पाच लाख पट्ट्यांची यादी प्रसिद्ध झाली. त्यातही पाण्याशी नातं सांगणारं काही निघालं नाही.

"लोणारचं पाणी अशनीने आणलं"

नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं पाणी पावसाचं आणि झऱ्यांचं आहे. विवराला बाहेर जायची वाट नाही, म्हणून पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. खारेपणाचं आणि पाण्याच्या अल्कधर्मी स्वभावाचं कारण तेच. विवराच्या वयावर अजून वाद आहे. एका पद्धतीने सुमारे 50 हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांहून जास्त. कुठलंही घ्या, आदळणाऱ्या अशनीतलं पाणी आज तिथे साठून नाही. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हाही अशाच आवया उठल्या होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले.

पण संदेश लिहिणाऱ्याने लोणारला नीट पाहिलं असतं, तर तुलना उपयोगी पडली असती. बसाल्टमध्ये पडलेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, म्हणून मंगळ आणि चंद्राचे अभ्यासक तिथे येतात. लोणारच्या कड्यावरचे ओघळ खरोखर पाण्याचे आहेत. ईशान्येला 'धार' या झऱ्याच्या बाजूला कडा कापत गेलेली घळ आहे आणि तिच्या तोंडाशी गाळाचा पंखा सरोवरात उतरलाय. पाण्याचं काम तिथे कशावरून ओळखू येतं? पाणी जमा होऊन यायला वर जागा आहे, झरा आहे, आणि उतार हलका झाल्यावरही गाळ पुढे वाहून गेलाय. चंद्रावरच्या ओघळाच्या माथ्याशी यातलं काहीच नसतं. तो काठाच्या खालीच सुरू होतो आणि मलबा संपला की संपतो.

"मग पाणी कुठेच नाही म्हणायचं का?"

असं कुणीच म्हणत नाहीये. सिरीस या बटुग्रहावर डॉन यानाने पाहिलेल्या दरडी ध्रुवांकडे वाढत जातात आणि त्यातल्या काहींचं रूप बर्फाळ आहे. व्हेस्टा या लघुग्रहावर कॉर्नेलिया विवरातल्या वळणदार घळींसाठी अल्पकाळ टिकलेल्या ओल्या ओघाची कल्पना 2015 मध्ये मांडली गेली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मंगळाचा आस आजच्यापेक्षा जास्त, 35 अंश, कललेला असताना, सुमारे सहा लाख तीस हजार वर्षांपूर्वी, काही ओघळांच्या जागी बर्फ वितळला असू शकतो, असं अभ्यासक जे डिक्सन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवलं. म्हणजे घळी जुन्या काळी पाण्याने कोरल्या आणि आज कोरडा बर्फ त्या हलवतोय, हेही शक्य आहे.

आणि मंगळावरच्या विवरात पाणी थेट पकडलं गेलंय, बर्फाच्या रूपात. दोन उदाहरणं पाहा. 2008 च्या सुमारास पडलेल्या काही छोट्या विवरांच्या तळाशी पांढरा शुभ्र बर्फ उघडा पडलेला दिसला. मग 24 डिसेंबर 2021 रोजी इनसाइट यानाच्या भूकंपमापकाला मोठा हादरा जाणवला. वरून पाहिल्यावर 150 मीटर रुंदीचं कोरं विवर सापडलं आणि काठाभोवती उडालेले बर्फाचे धोंडे. पहिल्या विवरांवर महिनोन्‌महिने नजर ठेवली गेली. तिथला बर्फ हळूहळू मळकट होत गेला, थेट वाफ होऊन विरळ हवेत गेला. ओघळ एकही पडला नाही.